दादा म्हणजे बहीण



"खाला, मेरेकू वापस आना है. यहाँ मेरा कुच काम नै."

फेब्रुवारीतल्या एका रात्री माझ्या भाचीचा हा निरोप मोबाइलवर आला. मी चाचणीचे पेपर तपासत बसले होते. आमच्या कर्जतला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिच्याकडे साडेसहा झालेले असतात, म्हणजे मगरिबच्या आसपासची वेळ. निरोपात तिच्या आवाजामागे अजान ऐकू येत होती. अजानचे शब्द तेच, आपल्या मशिदीतले. पोरगी मात्र रडत होती.

ही माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आपाची मुलगी. जन्म कर्जतचा, बारावीपर्यंतचे शिक्षण कर्जतचे, पुढे नगरला राहून इंग्रजी विषय घेऊन बीएड केले. गेल्या वर्षी लग्न झाले आणि जानेवारीत नवऱ्याबरोबर झांझिबारला गेली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचे हे बेट तांझानिया देशात येते. वस्ती बहुतेक मुस्लिम, भाषा स्वाहिली. जावई तिथल्या एका हॉटेलात हिशेबाचे काम पाहतात. सकाळी ते गेले की घरात ही एकटी.

शेजारी एक वृद्ध बाई राहतात. तिकडे आजीला 'बीबी' म्हणतात. या बीबींची नात नुकतीच माध्यमिक शाळेत गेली होती. झांझिबारमध्ये मुलांचे सुरुवातीचे शिक्षण स्वाहिलीत होते आणि माध्यमिक शाळा इंग्रजीत असते. आपल्याकडे उर्दू किंवा मराठी शाळेतून पुढे गेलेल्या मुलामुलींची सायन्सला गेल्यावर जी गत होते, तीच तिथल्या मुलींची होते. सून बीएड झालेली आहे हे कळल्यावर बीबींनी जावयांना विचारले, तुमच्या बायकोने मोहल्ल्यातल्या मुलींना दुपारी इंग्रजी शिकवले तर? पैसे देण्याची ऐपत कोणाची नाही, पण जागा आम्ही देऊ.

भाचीने मला फोन केला. मी लगेच म्हटले, "बेटा, बिस्मिल्लाह कर." परवानगीचे कागद झाले आणि तिने वर्ग सुरू केला.

आपाला हे पटले नव्हते. ती मला म्हणाली, "इत्ते पैसे डाल के बीएड कराए, और ये वहाँ जाके फुकट पढाती. तूच सर पे चढाई उसकू." आता तीन आठवड्यांत पोरगी परत यायचे म्हणत होती. लग्नाला वर्ष झालेले नाही. मुलगी एकटीच माहेरी परत आली की गल्ली काय काय बोलते, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि आपा बोलणार होती ती मलाच.

मी तिला सविस्तर सांगायला लावले. एकेक निरोप येत गेला.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला होता. बीबींनी वर्गाची वेळ सांगितली, 'सा नाने'. हिने विमानातच एक ते दहा आकडे पाठ केले होते. नाने म्हणजे आठ. दुसऱ्या दिवशी ही सकाळी आठला जाऊन पोहोचली. खोलीला कुलूप. तिकडे घराबाहेर बसायला दगडी ओटा असतो, त्याला 'बराझा' म्हणतात. त्यावर ही दोन तास बसली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलल्या आणि रडत घरी आली. दुपारी दोन वाजता अकरा मुली आल्या, त्यांनीही वाट पाहिली आणि नव्या बाई आल्याच नाहीत म्हणून परत गेल्या.

भानगड अशी, की स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यामुळे त्यांचे आठ म्हणजे आपले दुपारचे दोन. संध्याकाळी सूर्य मावळला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे दिवस आणि रात्र वर्षभर जवळजवळ सारखेच असतात, म्हणून हे त्यांना सोयीचे पडते. आपल्याकडेही घड्याळे येण्याआधी घटका सूर्योदयापासूनच मोजत असत. पण ओट्यावर बसून रडणाऱ्या मुलीला हे कोण सांगणार?

वर्ग सुरू झाल्यावर तर आणखीच अवघड झाले. पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या अकरा मुली चटईवर रांगेत बसतात. ही विचारते, 'व्हॉट इज युवर नेम?' सगळ्या एका सुरात उत्तर देतात. त्यापुढे एक शब्द नाही. ती बोलते, त्या ऐकतात. ती प्रश्न विचारते, त्या चटईकडे बघतात. बीएडला शिकवलेले तिच्या डोक्यात पक्के होते की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोलायचे. ती तास-तास एकटीच बोलत राहिली.

वर्गाबाहेर तर ती मुकीच. बाजारात बोट दाखवून वस्तू घ्यायची. हवा दमट, धुतलेला कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. आपल्या कर्जतच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या मुलीला त्याचाही त्रास. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात, पण ती मैद्याची, पदर सुटलेली आणि तेलकट. ज्वारीच्या भाकरीचा वास आठवून ती एका रात्री जेवलीच नाही.

"खाला, त्यांना माझी गरज नाही. मी उगाच गेले," असे म्हणून तिने बोलणे संपवले.

मी लगेच उत्तर दिले नाही. काय सांगावे तेच सुचेना. "धीर धर" म्हणणे सोपे होते. पण कर्जतमध्ये आपल्या पलंगावर बसून धीराचा सल्ला द्यायला काय जाते? पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवताना कपाटातली एक वही हाताला लागली. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेत माझे भाषण असते. त्याची टिपणे मी या वहीत ठेवते. त्यात एका बाईंवर दोन पाने लिहिलेली होती, आणि या बाईसुद्धा समुद्र ओलांडूनच शिकवायला आल्या होत्या. आल्या होत्या आपल्याच जिल्ह्यात.

त्यांचे नाव सिंथिया फरार. जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. तिकडे त्या शाळेत शिकवत. मुंबईतल्या अमेरिकन मिशनला मुलींच्या शाळा सांभाळायला एक शिक्षिका हवी होती. त्या काळी अशा कामाला गेलेल्या बाया बहुतेक मिशनऱ्यांच्या बायकाच असत. एकट्या, अविवाहित बाईला एवढ्या दूर पाठवणे अमेरिकेतही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जून १८२७ मध्ये, त्या बोस्टन बंदरातून शिडाच्या जहाजाने निघाल्या. सुएझचा कालवा व्हायला अजून चाळीस वर्षे होती. जहाज आफ्रिकेला वळसा घालून आधी कलकत्त्याला गेले आणि तिथून त्या मुंबईला आल्या. डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे जवळजवळ सात महिन्यांनी, मुंबईत उतरल्या.

उतरल्या तेव्हा त्यांच्यासमोर काय होते, याचा मी पूर्वी कधी विचारच केला नव्हता. भाषणात मी फक्त सन आणि आकडे सांगत असे. त्या रात्री भाचीचा आवाज कानात होता म्हणून विचार आला. ज्या मुलींना शिकवायचे त्यांची भाषा मराठी, आणि बाईंना मराठी येत नव्हती. मोल्सवर्थसाहेबांचा तो प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापून आला, म्हणजे बाई त्याच्या आधीच आलेल्या. छापील अक्षर बाळबोध, तर रोजच्या व्यवहारातले अक्षर मोडी. मुलींना शाळेत पाठवायला लोक तयार नाहीत. पाठवली तरी लहान वयात लग्न होऊन ती जाणार. घरी पत्र धाडले तर उत्तर यायला वर्ष लागणार. "मला परत यायचे आहे" असे बोस्टनला कळवायचे म्हटले असते, तरी ते पोहोचेपर्यंत सहा महिने जाणार!

या बाईंनी आधी मराठी शिकून घेतली. मुंबईत निरनिराळ्या वस्त्यांत शाळा चालत. शिकवायला इथलेच पंतोजी नेमलेले असत आणि बाई देखरेख करत. दोन वर्षांत नऊ शाळांमध्ये चारशेहून अधिक मुलींची नावे दाखल झाली. १८३७ मध्ये प्रकृती बिघडल्याने त्यांना अमेरिकेला परतावे लागले. सुटका झाली म्हणून त्या तिथेच राहिल्या असत्या तर कोणी नाव ठेवले नसते. पण १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या, आणि या वेळी आपल्या नगरला. पुढची बावीस-तेवीस वर्षे त्यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. २५ जानेवारी १८६२ रोजी नगरमध्येच त्यांचे निधन झाले.

जोतीराव फुले नगरला आले असताना त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली होती आणि तिथे मुलींना कसे शिकवतात हे पाहून त्यांना आनंद झाला होता. 'ज्ञानोदय'मध्ये १८५३ साली त्यांनी स्वतः हे सांगितले आहे. १८४८ मध्ये पुण्यात त्यांची मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आणि सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात आपल्या फातिमाचा उल्लेख येतो. सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या, आणि मागे कामाचा भार फातिमावर पडला असेल, ही काळजी त्यांनी जोतीरावांना लिहिली. कर्जतहून मिरजगावमार्गे नगरला जाताना मी किती वेळा एसटीत झोप काढली असेल. या रस्त्याच्या टोकाला एवढे सगळे घडले होते.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, आपा, या बाई तर ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायला आल्या होत्या. खरे आहे. ते लपवण्याची गरज नाही. मिशनचा हेतू तोच होता, आणि लोक मुली पाठवायला बिचकत ते काही निव्वळ अडाणीपणामुळे नव्हे. आपल्या लेकीचा दीन, धर्म जाईल ही भीती कोणत्याही आईबापाला वाटणारच. पण गंमत पाहा. बाईंनी जे काय द्यायचे ठरवले होते ते त्यांनी ठरवले. लोकांनी काय घ्यायचे ते लोकांनी ठरवले. फुले दांपत्याने त्या शाळेतून अक्षर उचलले, मुलींना शिकवण्याची रीत उचलली आणि आपल्या वाटेने गेले.

आपल्याला तर याचा धडा फार आधी मिळालेला आहे. सीरतच्या किताबांत बद्रच्या कैद्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्या कैद्यांकडे सुटकेची रक्कम द्यायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी हजरत पैगंबर (स.) यांनी अट घातली की मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवा आणि मोकळे व्हा. शिकवणारे दुसऱ्या विचाराचे होते, कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. तरी त्यांच्याकडून अक्षर घेतले गेले.

मला यातून त्या रात्री एक गोष्ट उमगली. भाची म्हणत होती, "त्यांना माझी गरज नाही." ते ठरवणारी ती कोण? तिला तर तिथल्या आजीने स्वतः बोलावले होते. फरारबाईंना तेवढेही कोणी म्हटले नव्हते. प्रश्न गरजेचा नव्हताच. ती अकरा मुलींना शिकवायला गेली होती, पण त्यांच्याकडून काही शिकायला अजून बसली नव्हती.

हे मला कळायला एक कारण आहे. ते आजवर मी या पानावर लिहिले नव्हते.

माझी नोकरी नवी होती तेव्हा तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी पहिलीला शिकवत असे. उर्दू आणि मराठी दोन्ही घेऊन बीएड झालेले, शुद्ध मराठीचा मला मोठा अभिमान. वर्गात एक चुणचुणीत मुलगी होती. रोज दारातूनच ओरडायची, "बाई, म्या आले!" मी म्हणायचे, "म्या नाही, मी." ती म्हणायची, "बाई, पानी पिऊन येऊ?" मी म्हणायचे, "पानी नाही, पाणी. नीट म्हण, मग जा." असे दिवसातून दहा वेळा. भगिनींनो, आमच्या घरातसुद्धा आजही पानीच म्हणतात. लहानपणी माझ्याही 'पानी'ला वर्ग हसला होता, आणि ते हसणे मला अजून आठवते. तरी मी त्या पोरीला तेच केले.

पोळ्यापर्यंत ती मुलगी गप्प झाली. तहान लागली तरी विचारायची नाही. दिवाळीनंतर ती आलीच नाही. आईबाप ऊसतोडीला गेले, त्यांच्याबरोबर गेली असेल असे सगळे म्हणाले, आणि ते खरेही असेल. पण शाळा सुटण्याआधी तिची जीभ मीच बंद केली होती, हे मला माहीत आहे. आज ती मुलगी तिशीच्या आतबाहेर असेल. कुठे आहे, माहीत नाही.

हे सगळे मी भाचीला त्या रात्री सांगितले. फरारबाईंचे सांगितले आणि माझेही. शेवटी म्हटले, "बेटा, परत यायचे असेल तर ये. दार उघडे आहे, आपाला मी सांभाळते. पण त्याआधी पंधरा दिवस एक काम कर. रोज बीबींकडे बसून त्यांचे दहा शब्द शीक. वहीत लिही. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते मुलींसमोर बोल. चुकव. त्यांना हसू दे. त्यांना तुला शिकवू दे."

चार दिवस काही उत्तर नव्हते. मला वाटले, पोरीला राग आला. आपाही माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होती.

पाचव्या दिवशी निरोप आला. आवाज वेगळाच होता. "खाला, अर्धी स्वाहिली तर आपल्याला आधीच येते!" ती वहीतून वाचून दाखवू लागली. पुस्तकाला किताबू, लेखणीला कलामू, गणिताला हेसाबू, वेळेला वाकाती, जगाला दुनिया. अरबी व्यापाऱ्यांबरोबर आलेले शब्द. मग आपल्या किनाऱ्यावरून गेलेले शब्द, दुकानाला दुका, गाडीला गारी. मी इकडे पेन घेऊन लिहून घेत होते.

दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट झाली, जी ऐकून मी एकटीच मोठ्याने हसले. वर्गात एक मुलगी तिला आदराने 'दादा' म्हणाली. हिने चमकून मागे पाहिले, कोण पुरुष आत आला? मुलींना कळेना, बाई मागे काय बघतात. मग उलगडा झाला, की स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण!

हिने फळ्यावर तीन रकाने आखले. एकात इंग्रजी, एकात स्वाहिली, एकात आपली भाषा. सिस्टर म्हणजे दादा, ब्रदर म्हणजे काका, मदर म्हणजे मामा. फादर तेवढा दोन्हीकडे बाबा. मग तिने मुलींना सांगितले, आमच्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, काका म्हणजे वडिलांचा भाऊ आणि मामा म्हणजे आईचा भाऊ. समजायला दोन मिनिटे गेली आणि मग जो काय हशा झाला! बीबी बाहेरून डोकावल्या, काय झाले म्हणून. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी, जिने तीन आठवडे तोंड उघडले नव्हते, ती उभी राहिली आणि ठसक्यात म्हणाली, "टीचर, माय मदर इज नॉट युवर अंकल!"

भाची म्हणाली, "खाला, पुस्तकातले नव्हते ते. तिने स्वतः बनवले वाक्य."

शिकवणाऱ्या बहिणींना हे वेगळे सांगायला नको. मुलाने स्वतः बनवलेले पहिले वाक्य ऐकायला आपण किती वाट पाहतो!

त्या दिवसापासून वर्ग असा चालतो. पहिली दहा मिनिटे मुली बाईंना शिकवतात आणि बाई चुका करतात. मग बाई मुलींना शिकवतात आणि मुली चुका करतात. तिथे लहानांनी मोठ्यांना सलाम म्हणून 'शिकामू' म्हणायचे आणि मोठ्यांनी 'मरहबा' म्हणून उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. सुरुवातीला हीसुद्धा उलट 'शिकामू' म्हणायची आणि मुली खुदुखुदू हसायच्या. आता 'मरहबा' म्हणते. मला म्हणाली, "खाला, अकरा मुली रोज दारातून येताना मला 'शिका' म्हणून जातात. मराठीत ऐकले तर काय चुकीचे आहे?"

सगळे आबादीआबाद झाले असे मी म्हणणार नाही. कपडे अजून वाळत नाहीत. पहिला रमजान तिने घरापासून लांब काढला. पहिल्या दिवशी इफ्तारला आईच्या हातच्या भज्यांची आठवण काढून रडली. दुसऱ्या दिवशी बीबींनी त्यांची 'फुतारी' पाठवली. नारळाच्या दुधात शिजवलेले कसावा कंद आणि कच्ची केळी, तिकडची इफ्तारी ती. हिने बदल्यात कांदाभजी पाठवली, तर बीबी म्हणाल्या, ही तर आमची 'बाजिया'! अकरापैकी दोन मुली मध्येच यायच्या बंद झाल्या. एकीला घरकामामुळे जमत नाही, दुसरीचे कारण कळले नाही. त्या दोघींसाठी तिचा जीव तुटतो. मी तिला म्हटले, तुटू दे, पण दुसरीच्या घरी एकदा जाऊन ये. मी माझ्या मुलीच्या वस्तीवर कधी गेले नव्हते. भाची गेली. मुलीची आई आजारी होती. आता ती मुलगी आठवड्यातून दोनदा येते.

परत येण्याचे म्हणाल तर, तिथले शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन वर्षअखेरीस संपते. तोवर राहणार, पुढचे पुढे, असे ती म्हणते. मी विचारत नाही.

राहिली आपा. "फुकट" या शब्दावर ती अडून होती. मी एके दिवशी तिला विचारले, अम्मीने गल्लीतल्या किती मुलींना कुरआन शरीफ शिकवले, किती पैसे घेतले? आपा गप्प बसली. आमच्या अम्मीने ओट्यावर बसून तीस वर्षे शिकवले, आणि बदल्यात कधी कोणाच्या शेतातली वांगी आली, कधी शेवग्याच्या शेंगा. आपा लगेच मान्य करणारी नाही. पण परवा व्हिडिओ कॉलवर बीबी दिसल्या, तेव्हा पदर सावरून आपा स्वतःहून म्हणाली, "शिकामू!" दोघींत मोठी कोण ते ठाऊक नाही, पण बीबींनी मोठेपणा घेऊन "मरहबा" म्हटले आणि दोघी हसल्या. त्यापुढे दोघींना एकमेकींचे काही कळेना, तरी दहा मिनिटे बोलत होत्या.

भगिनींनो, परदेश फार दूर असतो असे आपल्याला वाटते. आपल्या गल्लीतच बघा. बिहारहून आलेल्या कारागिराची बायको, मराठवाड्यातून नांदायला आलेली सून, वीटभट्टीवरच्या कुटुंबाचे मूल, नव्याने बदली होऊन आलेल्या मॅडम. या सगळ्यांना आपले गाव परदेशच आहे. त्यांच्या बोलण्याला आपण हसतो किंवा त्यांना सुधारायला जातो. या महिन्यात एवढे करा. त्यांच्यापैकी एखादीच्या दारात जा आणि तिला विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" तिने सांगितलेला शब्द तिच्यासमोर म्हणून बघा. चुकला तर तिला हसू द्या.

मी यंदा पहिलीच्या वर्गाला मदतीला जाणार आहे. कोणी "पानी" म्हटले तर आधी तांब्या पुढे करायचा, असे ठरवले आहे.

अल्लाह हाफिज.